आखूड वल्हं

"जावयबापू, ह्यां काय हाडलात? कालथो?"

तारीकाकांनी असं विचारलं तेव्हा मी वाळूत उकिडवा बसून वल्ह्याची पिशवी सोडत होतो. पिशवी खास शिवून घेतलेली, आतून मऊ अस्तराची. तिच्यातून मी माझं काळं, चकचकीत, कार्बनचं वल्हं बाहेर काढलं आणि उन्हात धरलं. दोन्ही टोकांना पाती, मधे दांडा. पाती रुंद, दांडा आखूड. खरं सांगायचं तर कालथ्यासारखंच दिसत होतं, पण तेव्हा मला ते कबूल करायचं नव्हतं.

"काका, शर्यतीचं वल्हं आहे हे," मी म्हणालो.

"शर्यत कोणावांगडा?" काकांनी खाडीकडे बघितलं. खाडीत एक बगळा सोडून कोणी नव्हतं.

माझ्या मागे हेमांगी उभी होती. माझी बायको. ती हसली नाही. चार महिन्यांपूर्वी ती माझ्या कुठल्याही फजितीवर मनापासून हसायची, म्हणून ते न हसणं मला फार लागलं.

हे चार महिने ती कुडाळला माहेरी होती आणि मी कोल्हापुरात एकटा. भांडण झालं होतं असंही म्हणता येत नाही, कारण भांडायला दोघं लागतात आणि आमच्याकडे बोलणारा मी एकटाच. मी आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवायचो. 'आधी बघ, मग कर, चुकलं तर पुन्हा कर' हे माझं ब्रीद. वर्गात ते ठीक होतं. पण मी ते घरी घेऊन यायचो. कपडे दोरीवर लांबीच्या क्रमानं कसे टाकावेत, डबा भरताना आधी काय घालावं, गॅसची शेगडी कुठल्या बाजूनं पुसावी, सगळ्याचं मी हेमांगीला प्रात्यक्षिक दाखवायचो. फ्रिजवर मी या सगळ्याचा एक तक्ता चिकटवला होता. लॅमिनेशन करून! आज त्या तक्त्याची आठवण झाली की कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

शेवटी गाडी अडली ती घावण्यावर. माझे सहा सहकारी नाश्त्याला आले होते. हेमांगीनं तिच्या आईसारखे घावणे घालायला घेतले. पीठ ताकासारखं पातळ, बिडाचा तवा चांगला तापलेला, आणि ती कडेकडेनं पीठ ओतत मधे येत होती. मी दारात उभा राहून सगळ्यांदेखत म्हणालो, "अगं, मधे ओतून डावानं गोल पसरवायचं असतं. सरक, दाखवतो." आणि दाखवलं. डोशाला शंभर टक्के बरोबर असलेली पद्धत मी घावण्याला लावली. डावाला चिकटून पीठ फाटलं, तव्यावर लगदा झाला. सहाही जण खाली मान घालून शेंगदाण्याची चटणी खात बसले. हेमांगीनं डाव ओट्यावर ठेवला, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कुडाळची एसटी पकडली.

त्यानंतर फोनवर आम्ही हवापाण्याचं बोलायचो. तीन आठवड्यांपूर्वी ती म्हणाली, "महिनाअखेरच्या शनिवारी या. मामाच्या गावाला जाऊ, वेळकोंडला. तिथे तारीकाकांनी कयाक आणल्यात. खाडीतल्या बेटावर जाऊ आणि काय ते तिथेच बोलू."

"काय ते म्हणजे?"

"मी परत यायचं की नाही, ते. बेटावर पोचलो की सांगते."

आता कुणीही शहाणा माणूस अशा वेळी बोलायचं काय याची तयारी करेल. मी वल्हवायची तयारी केली. कोल्हापुरात तेव्हा एका तलावावर कयाकचा नवीन क्लब निघाला होता, त्यात नाव घातलं. तिथल्या होड्या सतरा फुटी, सडपातळ, दोन वीत रुंद. त्यात बसलं की पाणी कमरेला लागूनच. तिथले सर आम्हाला सांगायचे, वल्हं उभं धरा, वरचा हात कपाळाच्या उंचीवर, पातं पावलांपाशी पाण्यात घाला, होडीला चिकटून ओढा, कमरेपाशी बाहेर काढा. ताकद दंडातून नको, कमरेच्या पिळातून. मी घरी स्टुलावर बसून रोज तासभर सराव केला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ गेलं, चौथ्या दिवशी ट्यूबलाइट. पण हात बसला. माझी खात्री झाली होती की हेमांगी मला असं सपासप वल्हवताना बघेल आणि तिथेच विरघळेल.

आणि आता तारीकाकांची होडी माझ्यासमोर वाळूत पडली होती. नारिंगी प्लॅस्टिकची, दोन माणसांची, आखूड आणि इतकी रुंद की मधे बसून पंगत वाढावी.

"वल्हां बरां आसा, वायट नाय," तारीकाका माझं वल्हं हातात तोलत म्हणाले. सत्तरीचा माणूस, काळाकुळकुळीत, सगळा जन्म खाडीपार माणसं नेणारी तर चालवण्यात गेलेला. "पण ह्यां बारीक होडयेचां. माझी होडी रुंद. तुम्ही मदी बसतालात, पाणी रवतला थय. पाण्याक हात पोचाचो नाय." त्यांनी झोपडीला टेकवलेलं एक लांबलचक, रंग उडालेलं वल्हं माझ्यापुढे धरलं. "ह्यां घेवा. आडवां धरा, हात खाली ठेवा, सावकाश ओढा."

"काका, आडवं धरणं ही चुकीची सवय आहे," मी म्हणालो. सत्तर वर्षं खाडीत काढलेल्या माणसाला मी, तीन आठवडे तलावात काढलेला, असं म्हणालो. "त्यानं पाठ कामाला लागत नाही. शास्त्र आहे त्याचं."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग हेमांगीकडे. "गो हेमा, तुझो घोव ऐकाचो नाय."

"मला माहीत आहे, काका," हेमांगी म्हणाली आणि ते लांब वल्हं तिनं घेतलं.

"धा वाजता सुकती लागतली," काकांनी बजावलं. सुकती म्हणजे ओहोटी. "तेच्या आदी बेटार पोचा. एकदा पाणी भायर ओढूक लागला की खाडी तुमका सरळ दर्यात घेऊन जायत."

बेट समोर दिसत होतं. माडाची चार-पाच झाडं, एक काळा खडक. अर्धा किलोमीटर असेल. घड्याळात साडेनऊ. मी मनातल्या मनात हिशेब केला, दहा मिनिटं.

"तू मागे बस," मी हेमांगीला म्हणालो. "पुढचा ताल ठरवतो, मागच्यानं त्याला जुळवून घ्यायचं. तुझं वल्हं आणि माझं वल्हं एकाच वेळी पाण्यात गेलं पाहिजे."

"बरं," ती म्हणाली.

निघालो. मी वरचा हात कपाळापर्यंत नेला, कंबर पिळली, पातं पावलांपाशी घातलं. घातलं म्हणजे घालायला गेलो. मधे होडीची कड आली. माझी बोटं त्या कडेवर अशी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पातं पाण्याला जेमतेम शिवलं आणि माझ्याच तोंडावर पाणी उडालं. दुसऱ्या बाजूनं तेच. मी जरा बाहेर झुकून जोर लावला तेव्हा कुठे पात्याला पाणी मिळालं, पण होडीनं पुढे जायच्या ऐवजी नाक डावीकडे वळवलं. दुसऱ्या बाजूनं ओढलं तर उजवीकडे.

"जमतंय," मी मोठ्यानं म्हणालो. "लय सापडायची आहे फक्त. उजवा! डावा! उजवा!"

खाट! माझं वल्हं मागे तिच्या वल्ह्यावर आदळलं.

"अगं, मी डावा म्हणालो ना?"

"मी डावाच मारला. तुम्ही तिसऱ्यांदा उजवा मारलात."

"तुझं वल्हं फार सावकाश येतंय. आणि इतकं आडवं धरू नकोस. हे बघ, असं." मी मागे वळून दाखवलं. मी वळलो तशी होडीही वळली आणि कडेच्या खारफुटीत जाऊन घुसली. एक फांदी माझ्या टोपीत अडकली. फांदीवरचा खेकडा माझ्याकडे बघून आत सरकला.

पंधरा मिनिटं झाली तरी किनारा इतका जवळ होता की तारीकाका विडी शिलगावताना मला स्पष्ट दिसले. शेजारी शिंपल्यांतली कालवं काढायला आलेल्या, ओहोटीची वाट बघणाऱ्या दोन बायका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही, पण एक जण दुसरीला हातानं गिरकी काढून दाखवत होती.

माझ्या चार बोटांची सालं निघाली होती. कुठलाही समंजस माणूस या क्षणी वल्ह्याकडे संशयानं बघेल. मी हेमांगीकडे बघितलं.

"दोघांची पद्धत एक नाही, म्हणून होतंय हे," मी म्हणालो. "तू खांद्यातून ओढतेस. कमरेतून ओढायला हवं. कोपर ताठ. पुन्हा सांगतो, नीट बघ..."

वळून बघितलं तर तिनं वल्हं पाण्यातून काढून मांडीवर आडवं ठेवलं होतं.

"चालवा तुम्ही," ती म्हणाली.

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे, थकून म्हणाली. ओट्यावर डाव ठेवला होता तेव्हाही तिचा चेहरा असाच होता. आता काहीही करून बेटावर पोचायचंच असं मी ठरवलं. पोचलो, तेही माझ्या पद्धतीनं पोचलो, की ही बाई बघेल, मग ती हो म्हणेल, असं माझं तेव्हाचं गणित होतं. त्या गणिताला मी आज शून्य मार्क देतो.

मी चवताळून वल्हवायला लागलो. होडी एका जागी गोल फिरली, पुन्हा फिरली. खाडीच्या मधोमध आलो होतो हे खरं, पण ते माझ्यामुळे नाही. दहा वाजून गेले होते आणि पाणी आम्हाला हळूहळू समुद्राकडे ओढत होतं. बेट उजवीकडे सरकायला लागलं. मी घाबरलो. पातं खोल जावं म्हणून छातीपर्यंत बाहेर झुकलो, सगळा जोर लावला, आणि वल्ह्यासकट पाण्यात गेलो.

वर आलो तेव्हा लाइफ जॅकेट कानांपर्यंत चढलं होतं आणि तोंडात खारं पाणी होतं. होडी पाच हातांवर. वल्हं दुसऱ्या बाजूला दहा हातांवर, डौलात समुद्राकडे निघालेलं.

मी वल्ह्याकडे वळलो.

खरंच वळलो. माझी बायको होडीत बसलेली, पाणी बाहेर ओढणारं, मला धड पोहता येत नाही, आणि मी हातपाय मारत निघालो कुठे, तर त्या कालथ्यामागे. पकडलं एकदाचं. पकडून वळून बघतो तर होडी लांब, लहान झालेली, आणि माझ्या पायाखाली काहीच नाही. किनाऱ्यावर तारीकाका उठून उभे राहिले होते.

"अरे श्रीनिवास! सोड ते!"

तीन वर्षांच्या संसारात हेमांगीनं मला पहिल्यांदा 'अरे' म्हटलं. माझ्यासाठी कुणी इतकं जीव तोडून ओरडेल असं मला वाटलं नव्हतं. मी वल्हं सोडलं नाही, पण हातपाय मारायचं थांबवलं. मला रडू येत होतं. भीतीनं की लाजेनं, कोण जाणे.

मग तिनं होडी वळवली.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी पाण्यातून बघत होतो. तिचे हात छातीच्या वर गेलेच नाहीत. लांब वल्हं जवळजवळ आडवं, पातं होडीपासून दूर पाण्यात जायचं आणि मोठा, सावकाश फराटा काढत मागे यायचं. शिंतोडा नाही, धडपड नाही. ती रुंद, आखूड होडी सरळ रेघेत माझ्याकडे येत होती.

"पोटावर चढा. पाय मारा. आता वळा. बसा," ती म्हणाली. मी बसलो, पण उलटा. तोंड तिच्याकडे, पाठ पुढे.

"सरळ होऊ का?" मी विचारलं.

"हलू नका. पुन्हा पडाल."

म्हणून मी तसाच बसलो. आखूड वल्हं मांडीवर, पाणी निथळतंय, बोटांतून रक्त, आणि समोर दोन हातांवर हेमांगी. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती माझ्या खांद्यावरून किनारा बघत होती आणि ओहोटीला तिरकं कापत होडी नेत होती. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नव्हतो.

"कसं करतेस तू हे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी चेष्टा करतोय की काय, हे ती तपासत होती.

"खरंच विचारतोय," मी म्हणालो. "मला येत नाही. सांग ना, कसं करू?"

तिनं चार-पाच फराटे मारले. मग सांगायला लागली, हळूहळू, अडखळत. मामाबरोबर लहानपणी कालवं काढायला जायची तेव्हा मामा म्हणायचा, होडी रुंद असली की पाणी लांब असतं, हात लांब करायचा. जोर करायचा नाही, जोर केला की रुंद होडी रागावून तोंड फिरवते. मी ऐकत होतो. मधे दोनदा मला काहीतरी सुचवावंसं वाटलं. दोन्ही वेळा मी गिळलं. एकदा तर खाऱ्या पाण्यासकट.

किनाऱ्याला लागलो. तारीकाकांनी होडी वर ओढली, मला बखोटीला धरून उभं केलं.

"होडी गावली, घोव गावलो, कालथोपण गावलो," ते म्हणाले. "आजचो दिस बरो गेलो."

तेव्हा हेमांगी हसली. इतकी हसली की वाळूत बसली. कालवंवाल्या बायकाही हसल्या. मीही हसलो, पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. बेटावर आम्ही पोचलोच नव्हतो.

"मग, ते काय ते?" कपडे पिळता पिळता मी विचारलं.

"बेट कुठे आलं?" ती म्हणाली. "उद्या भरती तासभर उशिरा आहे. रजा वाढवता येईल एक दिवस?"

मी वाढवली. दुसऱ्या दिवशी तारीकाकांनी दोन लांब वल्ही दिली. मी न सांगता मागे बसलो. पुढे तिचा ताल, मागे मी जुळवून घेत. दोनदा चुकलो, दोनदा खाट झालं, पण बेट आलं. खडकावर बसून तिनं पिशवीतून डबा काढला. घावणे होते, तिनं आईच्या पद्धतीनं घातलेले, आणि नारळाचा रस.

मी तिसऱ्या घावण्यावर होतो तेव्हा ती म्हणाली, "काल आपण पोचलो असतो ना, तर मी नाही म्हणणार होते."

उचललेला घास मी डब्यात परत ठेवला.

"कुडाळच्या शाळेत जागा आहे. अर्ज भरून ठेवला होता. काल बेटावर तुम्हाला सांगायचं आणि तिथून सरळ जाऊन देऊन यायचं, असं ठरवूनच आले होते."

"मग?"

"मग काय. पोचलोच नाही आपण." ती समोरच्या पाण्याकडे बघत होती. "आणि येताना तुम्ही विचारलंत. तीन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी विचारलंत."

मला तिला सांगायचं होतं की माझं चुकलं, फार चुकलं, तो तक्ता मी घरी गेल्यावर फाडून टाकतो. त्यातलं पहिलंच कसंबसं बोललो आणि पुढे मला रडू आलं. तिनं माझ्या सोललेल्या बोटांवर हात ठेवला. झोंबलं, पण मी हात काढला नाही.

"उद्या सकाळच्या गाडीनं निघू," ती म्हणाली. "तो अर्ज मी फाडणार नाही. ठेवणार आहे."

"ठेव," मी म्हणालो.

याला चौदा वर्षं झाली. त्या दिवशी तलावातल्या सरांनी शिकवलेलं मला चोख जमलं असतं, होडी माझ्या वल्ह्याला शोभणारी असती, तर मी दहा मिनिटांत झोकात बेटावर पोचलो असतो आणि आज कोल्हापुरात एकटा खानावळीचा डबा खात असतो. अर्ज हेमांगीच्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. कधीतरी तिथे हात गेला की मी तो कागद चाचपून बघतो आणि काही दिवस नीट वागतो.

आखूड वल्हंही घरातच आहे. पंख्यावरची जळमटं काढायला हेमांगी ते वापरते. ती ते साफ चुकीचं धरते. दांडा उलटा, कोपर वाकडं, सगळा जोर खांद्यावर. मी खाली स्टूल धरून उभा असतो आणि काही बोलत नाही.